चि. आनंद, धार

संग्राहक हा विस्मृतीच्या वाटेवर उभा असलेला अखेरचा पहारेकरी असतो. जग जे टाकून देतं ते तो उचलतो, पुसतो आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवतो.

हे मी दरवर्षी दसऱ्यानंतर बायकोला ऐकवतो, कारण दसऱ्यानंतर ती कपाटं रिकामी करायला घेते. यंदाही ऐकवलं. नीलिमा डोक्याला फडकं बांधून स्टुलावर उभी होती. म्हणाली, "पहारेकरी, आधी हे खोकं धरा. आणि पुढच्या पिढीला विचारलंय का?" पुढची पिढी पुण्याला नोकरीत आहे आणि गाणी फोनवर ऐकते. विचारलं नव्हतं.

दसरा ते दिवाळी हे वीस दिवस माळव्यात धुळीचे. शेतांत सोयाबीन मळून होत असतं, त्याचा भुसा हवेत. घरांत भिंती खरवडल्या जात असतात, त्याचा चुना हवेत. देवासच्या टेकडीवरून खाली बघितलं तर गच्च्यांवर गाद्या, उशा, लोणच्याच्या बरण्या आणि उताणे पंखे उन्हाला पडलेले दिसतात. सगळं गाव आपलं पोट उघडून बसल्यासारखं. गल्लीतून भंगाराच्या गाड्या फिरतात. वर्षभर माणसं जे जपतात ते या वीस दिवसांत देऊन टाकतात, आणि एकविसाव्या दिवशी ते कुठे गेलं म्हणून घरभर शोधतात. माझा मोसम हाच. लोकांना आंब्याचा असतो, मला अडगळीचा.

मी इंडीपॉपच्या रेकॉर्ड जमवतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि तो नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी गुणगुणायला लागतो. ते नव्हे. मी म्हणतो ते इंडीपॉप म्हणजे ऐंशीच्या दशकात विलायतेतल्या आडगावांतल्या लाजाळू पोरापोरींनी काढलेली गाणी. किणकिणणारी गिटार, माइकपासून दोन हात लांब उभं राहून गायलेलं गाणं, घरच्या पैशांनी काढलेल्या पाचशे प्रती आणि हातानं घडी घातलेलं कव्हर. असा बँड साधारण दीड वर्ष टिकतो. मग कुणाची परीक्षा येते, कुणाचं लग्न ठरतं.

मला हा नाद पत्रमैत्रीतून लागला. कॉलेजात असताना स्कॉटलंडमधल्या एका मुलानं मला पत्रातून एक पातळ, कागदासारखी वाकणारी रेकॉर्ड पाठवली. टपाल खात्यानं पाकिटावर शिक्का इतक्या निष्ठेनं मारला की तो रेकॉर्डवर उमटला. त्यामुळे गाण्यात दर फेरीला एक 'ठक्क' ऐकू येई. मला कितीतरी वर्षं तो ढोल वाटत होता.

तेव्हापासून मी कशावर पटकन विश्वास ठेवत नाही. शिवाय नोकरी गुणवत्ता तपासणीची. बाबा महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यात आले, मीही त्याच औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं नमुने तपासले. आणि गाव तरी कसलं? इथे खऱ्या नोटा छापतात, तरी दुकानदार प्रत्येक नोट उजेडात धरून बघतो. अशा गावात वाढलेल्या माणसाला कुणी 'विस्मृतीत गेलेला थोर बँड' असं म्हटलं की पहिला प्रश्न पडतो तो असा, की थोर होता तर विसरले का? बहुतेक वेळा उत्तर रेकॉर्ड लावल्यावर अर्ध्या मिनिटात मिळतं.

नव्या बँडवर तर माझा संशय आणखी दाट. हल्ली पोरं बेडरूममध्ये गाणं रेकॉर्ड करतात आणि त्यावर जुन्या रेकॉर्डची खरखर वेगळी घालतात. इंदूरच्या एका नव्या बँडचं गाणं मला खरोखर आवडलं. पण त्यातली खरखर मी तीनदा ऐकली, आणि ती दर आठ सेकंदांनी तशीच्या तशी परत येत होती. धुळीला एवढी शिस्त नसते.

हे सगळं सांगायचं कारण तीन वर्षांपूर्वीची दिवाळीआधीची साफसफाई. यंदा खोकं धरताना ती आठवली.

त्या वर्षी मी एका लग्नाच्या बोलणीसाठी धारला गेलो होतो. बोलणी फिसकटली, म्हणून वेळ मिळाला. बसस्टँडमागे एक भंगारवाला ओळखीचा आहे. मला बघताच त्यानं हाक मारली.

"भिया! तुम्हारे काम का माल आया है. एकदम विलायती."

"मागच्या खेपेलाही विलायती होतं. निघालं मराठी नाट्यगीतांचं."

"अरे भिया, अबकी कसम से. देखो तो, फिरंगी का फोटू है."

फोटो होता खरा. करड्या कागदाच्या घडीच्या कव्हरवर चार जण, चौघेही पाठमोरे. इंडीपॉपवाल्यांना चेहरा दाखवण्याचं भारी वावडं. बँडचं नाव मी कधीही न ऐकलेलं. घडी मात्र विलक्षण होती. कोपऱ्याला कोपरा असा जुळलेला, की पट्टी लावून घातल्याशिवाय तसं होणं शक्य नाही. आत सात इंची रेकॉर्ड, एकही चरा नसलेली. न वाजवलेली वस्तू हाताला लगेच कळते.

कुठल्या घरून आली, असं विचारल्यावर त्यानं गल्ली सांगितली. "वो मराठी मॅडम. गणितवाली. सँभल के जाना भिया, हमको भी डाँट के माल देती हैं."

वसुधाताई सत्तरीच्या होत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पूर्वी संस्थानात कारभारी असलेलं घराणं. आता दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बोलण्यात तेवढं संस्थान उरलेलं.

"यावं. बसावं," त्या म्हणाल्या. "भंगारातली वस्तू परत करायला आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहतेय."

"परत करायला नाही. अजून आहेत का विचारायला."

"म्हणजे तुम्ही विकत घेता हे? आणि वाजवता?"

"हो."

त्या आत गेल्या आणि एक खोकं घेऊन आल्या. त्यात तशाच बावीस रेकॉर्ड होत्या.

त्यांनी मग सगळं सांगितलं, गणिताचं उदाहरण मांडावं तसं. आनंद, म्हणजे नाना, हा त्यांचा धाकटा भाऊ. ऐंशीच्या दशकात त्याला वडिलांनी, आबासाहेबांनी, इंजिनिअर व्हायला विलायतेला पाठवलं. दोन वर्षांनी तो परत आला तो पदवीशिवाय, हे खोकं घेऊन. काय केलंस तिथे, असं विचारलं तर एकच वाक्य बोलला, 'मी एका रेकॉर्डवर वाजवलंय.' घरात कुणी विश्वास ठेवला नाही. कव्हरवर चार इंग्रजी नावं होती, त्यात आनंद नव्हता. आबासाहेब त्यानंतर त्याच्याशी कामापुरतं बोलत. नानानं आयुष्यभर सरकारी खात्यात नकाशे काढले, लग्न केलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी तो गेला.

"आणि त्यांनी ही रेकॉर्ड घरात वाजवली नाही?"

"कधीच नाही. विचारलं की म्हणे, यंत्र नाही. यंत्र आणलं असतं तर म्हणाला असता, सुई नाही. वाजवली असती तर आम्ही विचारलं असतं, यात तू कुठे आहेस. तेच नको होतं त्याला." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. "मीही आबासाहेबांच्याच बाजूची होते. तो गेल्यावर वाटायला लागलं, समजा खरं असलं तर? तुम्हाला यातलं कळतं. मला एवढंच सांगा, माझा भाऊ खरं बोलत होता की खोटं."

माझ्याकडे नमुने तपासायला देणाऱ्यांना नेहमी काहीतरी विशिष्ट उत्तर हवं असायचं. या बाई मात्र दोन्ही उत्तरांना तयार दिसत होत्या. असा ग्राहक धोक्याचा.

घरी येऊन मी रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजूंना एकेक गाणं, चांगलं म्हणावं असं. एक मुलगी सर्दी झाल्यासारखी गात होती, मागे गिटार किणकिणत होती. त्यात धारचा माणूस आहे की नाही हे कसं ओळखणार? गिटारीला आडनाव नसतं.

मग रेकॉर्ड उजेडात धरली, नोटेसारखी. आणि दिसलं. गाणं संपल्यानंतर मधल्या चिकटवलेल्या कागदापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक ठिपक्यांची अक्षरं होती. देवनागरी. 'चि. आनंद, धार'.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. त्या गुळगुळीत पट्टीवर छोट्या कंपन्यांचे लोक कधीकधी सुईनं काहीतरी खरडून ठेवायचे. एखादा विनोद, एखाद्या मैत्रिणीचं नाव. संग्राहकांना गाण्याइतकंच, खरं तर गाण्याहून जास्त, या खरडीचं वेड असतं. स्वीडनमधला लार्स नावाचा एक संग्राहक माझ्या ओळखीचा आहे, आंतरजालावरच्या ओळखीचा. त्याला मी फोटो पाठवला. सात मिनिटांत उत्तर आलं. त्या रेकॉर्डच्या जेमतेम तीन प्रती जगात उरल्या आहेत असं तो मानत होता, त्यातली एक त्याचीच. तिच्यावर असं काही नव्हतं. म्हणजे ही खास बँडच्या सभासदांसाठी काढलेली आवृत्ती असणार. म्हणजे बँडमध्ये पाचवा माणूस होता. दोन दिवसांत त्यांच्या चर्चामंडळात नानावर साठ-सत्तर नोंदी झाल्या. एकानं लिहिलं की दुसऱ्या गाण्याच्या चालीत भारतीय राग स्पष्ट ऐकू येतो. 'चि.' चा अर्थ चिनी तत्त्वज्ञानातली जीवनशक्ती असा लावला गेला.

मला खटकत होतं. नाव फक्त धारच्या प्रतीवरच का? पण मोह वाईट. मी वसुधाताईंना फोन केला आणि लार्सचं म्हणणं सांगितलं.

"नाव आहे? रेकॉर्डवरच?"

"रेकॉर्डवरच."

"आबासाहेबांना हे बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आठवड्यानं पुन्हा धारला गेलो. बसमध्ये डोक्यावर भुसा, हातात भिंगाची पेटी. सगळ्या प्रती तपासायच्या होत्या, सवयीनं. वसुधाताईंनी कानातलं घातलं होतं, दारात रांगोळी होती, कुणा मोठ्या माणसाची वाट बघावी तसं सगळं. शेजारच्या दोन बायकांना बोलावून ठेवलं होतं. त्यांना त्या सांगत होत्या, "विलायतेच्या रेकॉर्डवर आमच्या नानाचं नाव. कोरलेलं."

मला पाणी दिलं. मी ग्लास तोंडाला लावला आणि बोटाला खरखर लागली. फिरवून बघितला. स्टीलच्या ग्लासावर बारीक ठिपक्यांत लिहिलं होतं, 'चि. आनंद, धार'. 'र' चा पाय रेकॉर्डवरच्यासारखाच डावीकडे वळलेला.

तीस वर्षांत मी शेकडो नमुने नापास केले, पण एकही दुसऱ्याच्या घरचं पाणी पिता पिता नाही. मी ग्लास खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"काय झालं? गळतोय का?" वसुधाताईंनी विचारलं.

"नाही."

"मग फिरवताय काय मघापासून?"

त्यांनी ग्लास माझ्या हातून घेतला, चष्मा लावला. आधी ग्लास बघितला, मग रेकॉर्ड उचलून बघितली. पुन्हा ग्लास. गणिताच्या बाई होत्या, दोन पायऱ्यांचं उदाहरण होतं.

"आईसाहेब," त्या म्हणाल्या.

शेजारणींना काही कळेना. वसुधाताईंनीच सांगितलं, अगदी शांतपणे. दिवाळीआधी भांडी घासून काढली की नावं घालणारा येई. आईसाहेबांचं ठाम मत होतं की नाव नसलेली वस्तू घराबाहेर गेली की परत येत नाही. पातेली, ताम्हन, गुळाचा डबा, सगळ्यावर नाव. एकदा तर त्यांनी पोळपाटावर घालून घेतलं होतं. नाना परत आला त्या वर्षी वसुधाताई धरमपुरीच्या शाळेत नोकरीला होत्या, म्हणून हे बघितलेलं नव्हतं. पण न बघताही दिसत होतं. ओट्यावर बसलेला कारागीर, त्याचं घरघरणारं यंत्र, आणि तेवीस रेकॉर्ड एकेक करून पुढे करणाऱ्या आईसाहेब. त्यांनी त्याला नक्की बजावलं असणार, मधल्या गुळगुळीत जागेवर घाल, गाण्यावर नको. कारण एकाही प्रतीवर गाण्याला धक्का लागलेला नव्हता.

"म्हणजे तिचा विश्वास होता," एक शेजारीण म्हणाली. "लेकाची वस्तू म्हणूनच घातलं ना नाव?"

"तिनं उलथन्यावरही घातलं होतं," वसुधाताई म्हणाल्या. "उलथन्यानं काही वाजवलं नव्हतं." शेजारणी गेल्यावर त्यांनी कानातलं काढून ठेवलं. "तर मग नाना खोटाच."

"नाना खोटे ठरले नाहीत. पुरावा खोटा ठरला."

"कारखान्यात असंच बोलायचात?"

"हो. म्हणून बढती मिळाली नाही."

हसू येता येता राहिलं त्यांना. मला वाईट वाटलं ते स्वतःचं. मी संशयी माणूस. सगळं आयुष्य उजेडात धरून बघितलं, आणि एका म्हाताऱ्या बाईला फोन करायच्या वेळेला मात्र डोळे मिटले. खोटी आशा विकणाऱ्यांची मी टिंगल करतो. ती विकणारे निदान तिची किंमत तरी घेतात.

लार्सला ग्लासाचा फोटो पाठवला आणि खरं काय ते लिहिलं. तीन दिवस उत्तर नाही. मग आलं. ग्लास विकायचा आहे का, असं त्यानं विचारलं होतं.

पण तो फोटो चर्चामंडळात फिरला, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मला एका अनोळखी बाईचं पत्र आलं. ती म्हणे त्या बँडची गायिका. आता घोड्यांची डॉक्टर. तिनं लिहिलं होतं की आनंद तिच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. बँडमध्ये नव्हता. पण पाचशेच्या पाचशे कव्हरांची घडी त्यानंच घातली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पट्टी लावून, आणि केसभर वाकडी गेली तरी उलगडून पुन्हा. त्याला वाजवायची फार इच्छा होती, म्हणून दुसऱ्या बाजूच्या गाण्यात त्याच्या हातात खंजिरी दिली. पुढचं तिनं सभ्यपणे लिहिलं होतं. पुन्हा रेकॉर्डिंग करायला पैसे नव्हते, म्हणून ते तसंच राहिलं.

मी पत्र दोनदा वाचलं आणि त्याच्यावरही संशय घेतला. ग्लासाचा फोटो जगभर गेलेला. घोड्यांची डॉक्टर कुणीही होऊ शकतो. कारखान्यात आमची एक पद्धत होती: नमुन्यावर काय लिहिलंय हे तपासणाऱ्याला सांगायचं नाही. मी छोटं रेकॉर्ड प्लेअर पिशवीत घातलं आणि धनत्रयोदशीला सकाळच्या बसनं निघालो. नीलिमा म्हणाली, "सणाच्या दिवशी?" मी काही तत्त्वज्ञान ऐकवलं नाही. तिनं डब्यात चिवडा दिला.

वसुधाताईंना पत्राबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. "नुसतं ऐका," म्हणालो, आणि दुसरी बाजू लावली. आपल्या भावानं आणलेली रेकॉर्ड त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. हात मांडीवर, पाठ ताठ, वर्गात तपासणीला साहेब आल्यासारख्या. गिटार सुरू झाली. मग ढोल. मग खंजिरी, ढोलाच्या जरा मागून, धावत येऊन बस पकडणाऱ्या माणसासारखी. वसुधाताईंचा हात वर झाला.

"हा नाना."

"कशावरून?"

"अहो, मागे पडतोय! ऐका ना. असाच पडायचा. गणपतीच्या आरतीला झांज हट्टानं घ्यायचा आणि सगळी आरती आपल्यामागे ओढत न्यायचा. गुरुजी थांबून बघायचे त्याच्याकडे. हा त्याच्याशिवाय दुसरा कुणी असूच शकत नाही, इतकं वाईट ठरवून वाजवता येत नाही." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्हीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एवढ्यात खंजिरी बंद झाली. एकदम, मधेच.

"कुणीतरी काढून घेतली त्याच्या हातून," वसुधाताई म्हणाल्या.

"हो. ढोलवाल्यानं. तसं पत्र आलंय."

"आबासाहेबही दुसऱ्या कडव्याला काढून घेत." पदरानं त्यांनी चेहरा पुसला. "खरं बोलत होता हो. वाजवलं त्यानं. पुन्हा लावा. तिथपर्यंतच."

मी तिथपर्यंतच लावली, चार वेळा. पंचेचाळीस सेकंद भरतात. त्यापुढे गाणं आणखी दोन मिनिटं चालतं, आणि खंजिरीशिवाय ते पुष्कळच बरं आहे.